मावशींचा क्लोजअप

हिरोचा क्लोजअप ओके झाला आणि हिरो निघाला. दुसऱ्या शूटिंगची गाडी खाली उभी होती. "मावशी, येतो हं," असं दारातूनच म्हणून तो जिना उतरलासुद्धा. खोलीत राहिल्या मावशी, पलंगावरचे तीन शर्ट, आणि आता त्यांच्याकडे तोंड केलेला कॅमेरा.

मावशींनी जन्मभर आईच्या भूमिका केल्या, तरी सेटवर सगळे त्यांना मावशीच म्हणत. या सिनेमात त्यांच्या वाट्याला हा एकच प्रसंग होता. मुलगा घर सोडून कायमचा दूर देशी निघालाय आणि आई शर्टांच्या घड्या घालून त्याची बॅग भरतेय. तो दहा वाक्यं बोलतो, ती चार.

हिरोचा चेहरा घेताना मावशी कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहून आपली वाक्यं म्हणत होत्या. पडद्यावर आपण दिसणार नसलो की निम्मे नट अशा वेळी पाट्या टाकतात. मावशींना ते कधीच जमलं नाही. हिरोचे डोळे काही केल्या भरेनात, तेव्हा त्या स्वतःच रडल्या, अगदी हुंदका फुटेपर्यंत. पाचव्या टेकला त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्थात हिरोसाठी.

आता त्याच्या जागी एक स्टँड उभा केला होता आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लाल चिकटपट्टी लावली होती. मावशींनी तिच्याकडे मायेनं बघायचं होतं. हिरोची वाक्यं वाचायला असिस्टंट मुलगी होती. ती किराणाची यादी वाचावी तशी वाचत होती, आणि त्यात तिचा तरी काय दोष. पहिला टेक गेला, दुसरा गेला. मावशींचे डोळे कोरडे ठणठणीत.

घाम टिपायला आलेली मेकअपवाली पुटपुटलीच. कॅमेऱ्याची पाठ असताना सगळं उधळायचं आणि आपली पाळी आली की हात रिकामे, हे मावशी, तुम्हीच करू जाणे. तिनं हळूच ग्लिसरीनची बाटली पुढे केली. मावशींनी ती मागे सारली.

दिग्दर्शक जवळ आला. पोरगा वयानं लहान, वागायला चांगला, पण त्याचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. घर शूटिंगपुरतं भाड्यानं घेतलेलं, मालकाला ते रोज पाचला मोकळं करून द्यावं लागे, आणि खिडकीतलं ऊनही सरकत चाललं होतं. काळजी करू नका, तो म्हणाला, नाहीच जमलं तर हिरोच्याच चेहऱ्यावर प्रसंग ठेवू. "तुमचा आवाज आहेच की त्यावर."

मावशींना ते झोंबलं. नुसता आवाज. म्हणजे अख्ख्या सिनेमात ही आई कुणाला दिसायचीसुद्धा नाही. आणि असा प्रसंग पुन्हा कुणी देईल, या वयात त्याची खात्री कोण देणार?

"मला एक टेक दे," त्या म्हणाल्या.

"रडू येईल?"

"नाही. रडायचंच नाहीये. मघाशी रडले ती मी, त्या पोराचे डोळे भरावेत म्हणून. या बाईला रडून कसं चालेल? ती रडली तर तो जाईल कसा?"

दिग्दर्शकानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. 'आई रडते' असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं. त्यानं कॅमेरामनकडे पाहिलं. ऊन अजून दहा मिनिटं टिकेल, कॅमेरामननं सांगितलं.

मावशींनी स्टँड हलवायला लावला. असिस्टंटलाही त्यांनी वाचू नकोस म्हणून सांगितलं. पाच टेकमध्ये हिरोची दहाही वाक्यं त्यांना पाठ झाली होती. ती आपण मनात ऐकू, बाकी कुणी ब्र काढायचा नाही, एवढीच त्यांची अट होती.

कॅमेरा सुरू झाला. मावशींनी पहिल्या शर्टाची घडी घातली. समोरच्या मोकळ्या जागेत मुलाचं बोलणं संपेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या शर्टाची कॉलर त्यांनी दोनदा सारखी केली. स्वेटर वरच ठेवलाय, म्हणाल्या. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. बाबांना मी सांगते, म्हणाल्या, आणि तिसरा शर्ट बॅगेत ठेवला. बॅगेची चेन मध्येच अडली. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. मावशींनी चेन थोडी मागे घेतली, आत सापडलेली बाही सोडवली आणि चेन सावकाश लावली. बॅग त्यांनी पुढे सरकवली.

"जा. गाडी चुकेल."

एवढं बोलून त्या बघत राहिल्या, अजून इथेच कसा तू, अशा नजरेनं. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला. खिडकीतलं ऊन पलंगावरून खाली उतरलं, तेव्हा कुठे तो भानावर आला.

मॉनिटरवर त्यानं तो टेक पुन्हा पाहिला. मग हिरोचा पाहिला, मग परत मावशींचा. असिस्टंटला बोलावून म्हणाला, हिरोला फोन कर, उद्या सकाळी त्याचा क्लोजअप पुन्हा घ्यायचाय.

असिस्टंटचा चेहरा उतरला. ओके झालेला शॉट पुन्हा कशाला, असं हिरो विचारणारच. त्याला काय सांगायचं?

"सांग, आई रडत नाहीये. मग हा कुणाकडे बघून रडतोय?"

"आणि समोर कोण उभं राहणार? मावशींचं काम तर आज संपलं."

मावशी आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"मी येते ना," त्या म्हणाल्या. "पण त्याला आजच सांगून ठेव. उद्या मी रडणार नाही."