नानांची केबल

"बघ, बिल निम्म्यावर आलं!" मकरंदने मोबाइल माझ्या नाकासमोर नाचवला. "तरी कधीपासून म्हणत होतो, वीज कंपनी बदलू या." एव्हाना त्याचं अख्ख्या सोसायटीला व्याख्यान देऊन झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून दुपारीच घरी आले. सासूबाई बंद पंख्याखाली घामाघूम बसून वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेत होत्या. टीव्ही बंद. ओट्यावर मिक्सर झाकून ठेवलेला आणि चटणी खलबत्त्यात.

"आई, वीज गेलीय का?"

"आहे की. पण ती परक्या कंपनीची. ह्यांनी जन्मभर जुन्या कंपनीत केबली टाकल्या, आणि ते गेल्यावर तुम्ही तिलाच सोडलंत. तुम्ही घरात असता तेव्हा मी आपली गप्प बसते. एकटीसाठी मला नको ती वीज."

मी कपाळावर हात मारला. नवरा ज्या बचतीचे ढोल पिटत होता, ती इथे घाम पुसत बसली होती!

"अहो आई, बदललं ते फक्त बिलावरचं कंपनीचं नाव! वीज अजून जुन्याच केबलमधून येते. नानांनी रस्ता खणून टाकलेल्या!"

"ह्यांच्या केबलमधून?" त्या ताडकन उठल्या. "मग इतके दिवस सांगायला काय झालं होतं गं तुम्हाला?"

पंखा पाचवर गेला, टीव्ही लागला, मिक्सर घरघरला. नानांच्या फोटोवरचा लाल बल्बही पेटला.

आज नवं बिल आलं. मकरंद म्हणतो, ही कंपनीही चोरच निघाली, आता तिसरी शोधू या.