पुंडलिकची पटाशी

पटाशी लाकडात 'खट्'दिशी रुतली, बाभळीचा ढलपा उडून भिंतीवर आदळला आणि रत्नमालानं घाईघाईनं लाकूड फिरवणाऱ्या खरादाचं बटण बंद केलं. लाटण्याच्या मधोमध चांगला खड्डा पडला होता. असल्या लाटण्यानं पोळी कशी लाटायची?

"परत धार लाव," स्टुलावरून तिचा नवरा पुंडलिक म्हणाला. "दाबू नको. पाण्यात बुडवत बुडवत लाव. निळी पडली की पोलाद मेलं समज. धार बसली ना, की साल लांब निघती अन् ऊन निघती."

हे तिला झोपेतसुद्धा पाठ झालं होतं. पुंडलिकला अर्धांगाचा झटका आला, डावा हात बधिर होऊन मांडीवर कुणीतरी ठेवून गेल्यासारखा पडून राहायला लागला, तेव्हापासून शहागंजातलं हे खरादाचं दुकान तीच उघडत होती. सुरुवातीला तिनं नको तेवढा जोर लावून पटाश्या निळ्या केल्या, त्याची बोलणी खाल्ली. मग शिकली. आता ती नातीच्या काळ्या स्केचपेननं धारेची उतरण रंगवायची आणि पटाशी फिरत्या दगडाला हळूच टेकवायची. शाई सगळीकडून सारखी निघाली की समजायचं, पुंडलिकनं ठेवली होती तश्शीच धार बसली. नखाएवढाही फरक तिनं पडू दिला नव्हता. नखावर टेकवली तर धार साल काढत होती, आणि लाकडाला लावली की खट्.

त्यात आज संध्याकाळी अतुल, त्यांचा मुलगा, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला दुकान दाखवायला आणणार होता. त्याचं तरी काय चुकत होतं? बंद पडल्यासारखं दुकान किती दिवस धरून बसायचं? "आई, मी यायच्या आत एक लाटणं नीट काढून ठेव, मंग मी एक शब्द बोलणार नाय," एवढं मात्र तो सकाळी कबूल करून गेला होता.

रत्नमालानं पुन्हा शाई लावली, पुन्हा धार काढली, नवं लाकूड चढवलं. खट्.

"माझ्या हातात नाय हो हे," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि त्याच्यासमोर तर मुळीच रडायचं नव्हतं.

"कशी नाय हातात? सरक तिकडं." पुंडलिक भिंतीला धरून उठला. "पुढून तू टेकव, मागं मी धरतो. बघ कशी फिरवायची ती."

तिनं बटण दाबून पटाशी पुढून टेकवली. त्यानं दांडा उजव्या मुठीत घेतला, काखेशी दाबला आणि पटाशी पुढं सरकवली.

खट्.

ढलपा त्याच्या कानाजवळून गेला. तिनं बटण बंद केलं तरी तो तसाच उभा होता. खोटं कशाला बोला, रत्नमालाला घटकाभर बरंच वाटलं. "बघा, तुमच्या हातात बी तेच करती ती."

"हा माझा हात नाय, रत्ने."

तो स्टुलावर बसला आणि पटाशी उजेडात धरून तिला दाखवू लागला. गोल धार एका अंगाला जरा जास्त उतरली होती, चप्पल एका बाजूनं झिजते तशी. "मी डावरा. आयुष्यभर डाव्या हातानं धार लावली, डाव्यानंच चालवली. ती माझ्या बाजूनं झिजत गेली अन् मी तुझ्या उजव्या हाताला तीच राखायला सांगत बसलो." मग तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "मला काम शिकवणारे उस्ताद सगळ्या कारखान्याला दम द्यायचे, पुंडलिक के हत्यारां कू हात नक्को लगाव. मला वाटायचं, माझा लाड करतेत."

झटका येईपर्यंत रोज त्याच्या डाव्या हातात चहाचा कप देत आलेल्या रत्नमालाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

"आता?"

"आता घास. हे अंग खाली आण. तुझ्या हाताला बसंल अशी कर."

ती दगडापाशी गेली आणि थांबली. "तुमची धार जाईल. पोलाद गेलं की परत येत नाय, तुम्हीच म्हणता."

"मंग काय करू तिचं? भिंतीला टांगून हार घालू?"

या खेपेला तिनं स्केचपेन घेतलं नाही. दगड सुरू झाला, ठिणग्या निघाल्या. पुंडलिक रस्त्याकडं बघत बसला. पटाशी पाण्यात बुडली की चर्र व्हायचं, तेवढ्यापुरता तो मान वळवायचा आणि पुन्हा रस्त्याकडं बघायचा. त्याच्या जिवाला काय होत असेल ते तिला कळत होतं, म्हणून ती मान खाली घालून घासत राहिली.

फोन वाजला. पुंडलिकनंच उचलला. अतुल क्रांती चौकापर्यंत आला होता, तो माणूस बरोबर होता.

"जरा थांब," पुंडलिक म्हणाला आणि फोन खरादाकडं धरला.

रत्नमालानं लाकूड चढवलं, बटण दाबलं, पटाशी टेकवली. तिनं डोळे मिटून घेतले होते, खरं तर हे कधीच करायचं नसतं. खट् झालं नाही. नुसतं सर्रर्र, एकसारखं. तिनं डोळे उघडले.

"ऐकलं? त्या भाऊला माघारी धाड," पुंडलिकनं फोनवर सांगितलं. "तू एकटा ये."

लाकडाची लांब साल सुटून वळत वळत आली आणि त्याच्या मांडीवरच्या डाव्या हातावर पडली. त्यानं ती झटकली नाही. रत्नमालानं खराद थांबवला.

"ऊन हाय का गं?" त्यानं विचारलं.

तिनं आपला हात त्याच्या हातावर, त्या सालीवर ठेवला.

"हाय की."