बेरेनिकेची वेणी

जितेश बोटीवरून सुखरूप घरी आला, तशी समिधाने नवस फेडला. कमरेएवढी वेणी कापून रेशमी रुमालात गुंडाळली आणि थेट शोकेसमध्ये ठेवली. सासूबाईंनी नाक मुरडलं, तेव्हा शाळेत इतिहास शिकवणाऱ्या समिधाने त्यांना गोष्टच सांगितली.

“आई, इजिप्तच्या बेरेनिके राणीनेही नवरा लढाईवरून परतला म्हणून असेच केस देवळात वाहिले होते. दुसऱ्या दिवशी बघतात तर गायब! राजा असा खवळला! तेव्हा दरबारातला ज्योतिषी म्हणाला, ‘महाराज, केस आकाशात गेले, त्यांचे तारे झाले.’ राजा-राणी दोघंही खूश!”

“हुशार हो मेला,” सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी समिधा शाळेतून नवघरच्या घरी आली, तर शोकेसमध्ये नुसता रुमाल.

“आई, माझी वेणी कुठाय?”

सासूबाईंनी खिडकीतून समोरच्या टॉवरच्याही वर बोट दाखवलं. “तारे झाले गो तिचे. काळोख पडू दे, दिसतील.”

 

ओट्यावर एक नवंकोरं पातेलं मात्र भरदुपारीच चमकत होतं, आणि खालच्या गल्लीतून आरोळी येत होती, “केसांवर भांडीऽऽ!”