उलटे बाण

"घाबरलात का?" बाबांनी विचारलं.

"हा प्रश्न कागदावर नाहीये, बाबा."

"साहेब म्हणायचं. मुलाखत चालू आहे."

बाबांनी पायजम्यावर कोट चढवला होता आणि चष्मा नाकाच्या टोकावर आणला होता. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला साहेब होणं काही जड नव्हतं. जड होते ते प्रश्न. मुलीनेच लिहून दिलेले ते शब्द बाबा अडखळत वाचत आणि उत्तर कळो न कळो, मान डोलवत.

खरी मुलाखत दुपारी होती. हवा, पाणी, धूर कसा वाहील याचं गणित संगणकावर मांडायचं, हे सीएफडी इंजिनिअरचं काम. आईच्या आजारपणात तिने ती नोकरी सोडली होती. आई गेली आणि नोकरी काही परत मिळेना. मागच्या मुलाखतीत तिने दाखवलेल्या चित्रात, हवा बाहेर जायच्या वाटेवरचे बाण आत वळलेले होते. समोरचा माणूस हसला होता. "संगणक सांगेल ते खरं धरता वाटतं?" ते हसू अजून कानात होतं. आज पुन्हा तसं झालं, तर आणखी कुठे अर्ज करायची तिची छाती नव्हती.

तिचे हात गार पडले होते. डोकं ठणकत होतं. अभ्यासाला बसलं की हे असं व्हायचंच. काल कागद छापून आणायला बाहेर पडली, तर डोकं कापसासारखं हलकं. घरी येऊन पुस्तक उघडलं आणि पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टरांनी नाडी पाहून सांगितलं होतं, "मुलाखत झाली की आपोआप जाईल."

"मलाही मळमळतंय," बाबा म्हणाले. "मुलाखत तुझी आणि गोळा माझ्या पोटात."

"भीती संसर्गजन्य असते, साहेब."

"मग एकोणतिसाचा पाढा म्हण. त्या पाढ्यापुढे भली भली पोरं पळाली, भीतीचं काय घेऊन बसलीस!"

ती हसली, पण नजर संगणकाच्या पडद्यावरच होती. स्वतः सोडवलेलं एक उदाहरण घेऊन या, असं कंपनीने कळवलं होतं. तिने राहतं घरच घेतलं. खोल्या, दारांखालच्या फटी, स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा, न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा जळका वायू बाहेर नेणारं नळकांडं, सगळं मापून मांडलं. खिडक्या बंद धरल्या, कारण त्या होत्याच बंद. समोरचा रस्ता खणायला घेतल्यापासून आवाज नको म्हणून तिने त्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या होत्या.

आणि पुन्हा तेच. गीझरच्या नळकांड्यात, बाहेरच्या वाटेवर, बाण आत. तिने अधिक-उणे तपासलं, मापं तपासली. चूक सापडेना.

"हवा आत येतेय असंच दाखवतोय हा, बाबा."

"मग येत असेल."

"असं नसतं हो! बाहेर जायच्या वाटेने बाहेरच जायचं."

"मी आपला मास्तर माणूस. पोराचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळलं नाही, तर मी आधी मागचं पान चुकलंय का ते बघायचो."

"तिथे कोणी मागचं पान बघत नाही. हसतात."

बाबा काही बोलणार, तेवढ्यात करपल्याचा वास आला.

"दूध!" साहेब कोटासकट धावले. घरभर धूर झाला होता. त्यांनी भांडं उतरवलं, हवा बाहेर फेकणारा पंखा मोठ्यावर केला आणि भिंतीला हात टेकत क्षणभर थांबले.

"मी आंघोळ उरकतो. मग न्हाणीघर तुझं. साहेबांच्या आधी पोचली पाहिजेस."

न्हाणीघराचं दार लागलं. पाणी पडू लागलं.

तिने एक निर्णय घेतला. त्या वाटेने हवा फक्त बाहेरच जाऊ शकेल, अशी अट गणितात घालून टाकली. चित्र मुकाट्याने बदललं. सगळे बाण शहाण्या मुलांसारखे बाहेर तोंड करून उभे राहिले. आता कोणी हसणार नव्हतं.

"एकोणतीस... अठ्ठावन्न..." आतून बाबांचा आवाज आला.

तिने प्रश्नांचा कागद उचलला आणि शेवटचा प्रश्न बाबांच्या थाटात वाचला. "तुमचं उत्तर बरोबर आहे, हे कशावरून?"

"प्रत्यक्षाशी ताडून पाहिलं," तिने पाठ केलेलं उत्तर दिलं.

आणि त्यांनी विचारलं, कसं ताडलंत, तर?

तशी साधी गोष्ट होती. तिने कागदाची बारीक पट्टी फाडली आणि न्हाणीघराच्या दाराशी गुडघ्यांवर बसली. गीझरचं नळकांडं हवा बाहेर नेत असेल, तर दाराखालच्या फटीतून हवा आत ओढली जाईल आणि पट्टी आत वळेल. तसं झालं की तिचं नवं चित्र खरं.

"सत्याऐंशी," बाबा आत फार सावकाश म्हणाले.

तिने पट्टी फटीशी धरली. पट्टी थरथरली आणि उलटी वळून तिच्याच अंगावर आली. बोटांना दमट, कोंदट ऊब लागली. उलटे बाणच खरे होते; स्वयंपाकघरातला पंखा गीझरचा जळका वायू घरात ओढत होता.

"बाबा?"

पुढचा आकडा आला नाही. पाणी मात्र पडत होतं.