पहिली काकडी

२०१२ सालच्या भादव्यात, धानोऱ्यापुढच्या जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, शाळेतली बावीस पोरं काकड्यांकडे बघून लाळ गिळत होती. गावानं दिलेल्या जागेत बाग त्यांनीच केली होती. कडेला झेंडू, मध्ये वांगी, कुंपणावर काकडीचे वेल. पण देवापुढे कोंबडा देऊन पूजा होईस्तोवर नवी काकडी तोंडाला लावायची नाही, हा गावाचा नेम. आधी खाईल त्यानं कोंबडा द्यायचा.

त्या वर्षी कोंबड्याची पाळी मुखरूची होती. त्याच्याकडे एकच कोंबडा, तोही झुंजीचा. "माझी इज्जत हाय हा," म्हणत त्यानं पंधरा दिवस काढले. पुजारी दसरू त्याचा मेहुणा, म्हणून तोही गप्प. काकड्या पिवळ्या पडू लागल्या. वानरं हाकलून हाकलून दहा वर्षांच्या मंगलीचा घसा बसला होता. ती दसरूला म्हणाली, "आजा, आता या काकड्या बैल खातीन."

"खाऊ दे. बैलाले नेम नाई."

गुरुवारी बाग तपासायला गडचिरोलीहून गुणवंतराव साहेब आले. यायचे होते सोमवारी. ऊन कडक होतं, साहेब घामानं निथळत होते. मंगलीनं सगळ्यात मोठी काकडी तोडली, फ्रॉकला पुसली, मोडली. खिशातून पानाची पुडी काढून मीठ लावलं आणि दोन्ही हातांनी पुढे केली. शाळेच्या संघप्रिया बाई "साहेब, थांबा" म्हणेपर्यंत अर्धी काकडी साहेबांच्या पोटात गेली होती.

दसरू पुढे आला. "सायेब, कोंबडा कुठी हाय?"

नेम कळल्यावर साहेब भडकले. "अहो, मी सरकारी कामावर आहे!"

"काकडी सरकारी नाई ना जी."

"लहान आहे हो, तिला काय कळतं," बाई साहेबांना विनवत राहिल्या.

तासाभरानं शेजारच्या गावचा एक कोंबडा साहेबांच्या जीपमधून, ड्रायव्हरच्या शेजारी बसून आला. पोरांच्याच झेंडूनं पूजा झाली. संध्याकाळपर्यंत वेलावर एक काकडी उरली नाही. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'लोकसहभाग उत्तम.'

मुखरूचा कोंबडा त्याच हिवाळ्यात पहिल्या झुंजीतून पळाला आणि रश्शात गेला. दसरू आता नाही, पूजा त्याचा मुलगा करतो, वेळेवर. गुणवंतराव निवृत्त होऊन नागपुरात असतात. लग्नाच्या पंगतीत कोशिंबीर वाढली की आधी आजूबाजूला बघतात. मंगली वनरक्षक झाली. गेल्या वर्षी ती वडशाला संघप्रिया बाईंना भेटायला गेली, तेव्हा बाईंनी इतक्या वर्षांनी विचारलंच, "काऊन वं मंगले, त्या दिवशी तुझ्या खिशात मीठ कसं होतं?"

"ते तं सोमवारपासूनच होतं, बाई. सायेबच उशिरा आले."