दुसरा शब्द

"म्हशीला बफेलो म्हनल्यावर म्हस वळती का?" गोजरबाईंनी विचारलं, आणि बालवाडीच्या सतरंजीवर बसलेले पालक हसले.

देवश्री हसली नाही.

राहात्याच्या त्या बालवाडीत रोज सुटण्याआधी एक कार्टून दाखवत. पडद्यावर एक खार यायची. चित्र दाखवून थांबायची. मुलांनी इंग्रजी शब्द म्हणायचा. मग "आणि मराठीत?" असं विचारून पुन्हा थांबायची. हे चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवायला बालवाडीच्या शिक्षिका पंकजाताईंनी सगळ्यांना बोलावलं होतं. नातवासाठी आलेल्या गोजरबाईंचं म्हणणं, पोरगं आता घरात कुणाला कळंना असं बोलतं. एक वडील म्हणाले, शिर्डीत हारफुलांचं दुकान टाकलं तरी चार शब्द इंग्रजी लागतात. मराठी काय, दुधाबरोबर येते. एका आईला कुठल्याच भाषेतलं कार्टून नको होतं. तिचा मुलगा टीव्हीशिवाय घास गिळत नव्हता. देवश्रीचा नवरा सुहास शिर्डीच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होता. इंग्रजीच्या बाजूने त्याने मान हलवायला सुरुवात केली आणि बायकोकडे लक्ष जाताच थांबवली.

देवश्रीने कार्टून बंद करा असं सांगितलं. बाकीची मुलं दोन्ही शब्द ओरडून म्हणतात आणि आपली रुचा फक्त पहिला म्हणते, हे तिला पंकजाताईंकडूनच कळलं होतं. मराठी शब्दाची वेळ आली की पोर तोंड मिटून बसते. एरवी बोलते मराठीच. पण असंच एकेक शब्द करत तीही जाईल, असं देवश्रीला वाटत होतं.

त्यापलीकडचं कारण तिने सांगितलं नाही. सुहासला ते माहीत होतं. तिचे वडील, नृसिंह सर, पुणतांब्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. अर्धवट बोललेलं त्यांना चालत नसे. लहानपणी देवश्रीने एखादा शब्द गिळला, तर तो स्वच्छ म्हणेपर्यंत ताटात पोळी पडायची नाही. पक्षाघाताचा झटका आला तो थेट त्यांच्या वाचेवर. देवश्रीने त्यांना आपल्या घरी आणलं. वर्षभर ती कॉलेजातून आली की त्यांच्या खाटेवर बसायची, काहीबाही विचारायची. ते तिच्याकडे बघायचे आणि मान वळवायचे. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. त्या वर्षात त्यांनी तिच्याशी एक शब्द काढला नव्हता. आता त्यांची भाषा नातीच्या तोंडूनही निघून चालली होती.

पंकजाताईंनी वाद घातला नाही. "एकदा तिच्याशेजारी बसून बघा," एवढंच म्हणाल्या. "मग सांगाल तसं करू."

संध्याकाळी देवश्रीने स्वतःच कार्टून लावलं. घरी ते रुचा फार आधीपासून बघत होती. दुपारी, सांभाळायला येणाऱ्या सुरेखाबाई जेवायला घरी जायच्या तेवढा तासभर ती आणि आजोबा, तिचे आबा, एवढेच घरात असत; टीव्ही लावून दिला की दोघंही जागचे हलत नसत. देवश्रीला तेव्हा त्याचा आधारच वाटला होता. आज ती रिमोट हातात घेऊन बसली. सुहास दारात उभा राहिला.

खारीने छत्री दाखवली.

"अम्ब्रेला," रुचा म्हणाली.

आणि मराठीत? खार थांबली. रुचाही थांबली. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि ती पडद्याकडे नाही, खिडकीखालच्या रिकाम्या खाटेकडे बघत होती. वेळ संपली. खारीनेच शब्द म्हणून टाकला. मग विहीर आली. रुचाने इंग्रजी शब्द म्हटला आणि पुन्हा गप्प झाली. देवश्रीने तिच्या कानाशी वाकून हळूच सुरुवात करून दिली, "वि..."

रुचाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"तू नको ना म्हणू. ते आबांचं आहे."

देवश्रीने टीव्हीचा आवाज बंद केला. तिने मुलीला जवळ ओढलं आणि जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं, की आबांना बोलता येत नव्हतं, आजारी होते ना ते.

"येत होतं," रुचा म्हणाली. चुकीचं सांगितलं की ती जशी वैतागायची, तशी वैतागली. "मी इंग्लिश म्हणायचे आणि आबा मराठी. त्यांना वेळ लागायचा. आधी त्यांचं तोंड असं व्हायचं." तिने ओठ एका बाजूला ओढून दाखवले. "मग छ यायचा. मग खूप वेळाने त्री. विहीर आली होती त्यांना. आख्खी आली होती. लाळ गळायची, मी पुसायचे."

सुहास आत आला आणि खाली बसला.

सगळ्यांशी बोलायचे का, की फक्त तुझ्याशीच, असं देवश्रीने विचारलं.

"माझ्याशीच. सुरेखाबाई आल्या की गप्प. तुझी गाडी वाजली की पण गप्प." रुचाने ओठांवर बोट ठेवलं, आबा ठेवत असावेत तसं, जरा थरथरतं. पडद्यावर खार तोंड हलवत होती. तिच्याकडे बघत रुचा पुढे म्हणाली, "तुझ्यासमोर अर्धं अर्धं नाही बोलायचं म्हणून. सगळं नीट यायला लागलं, की मग तुला सरप्राईज द्यायचं होतं."