जुवाची दुसरी बाजू

मोटारीची मागची दोन्ही चाकं चिखलात अर्धी बुडाली होती आणि मारोतराव सगळ्यांना दोष देत होते. पावसाला, रस्त्याला, मुरूम वाहून वाहून रस्त्याची चाळण करणाऱ्या गाडीवाल्यांना. कोहका गावाकडून जाणारी ही आडवाट जवळची आहे, असं साहेबाला त्यांनीच सांगितलं होतं. ते मात्र त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

साहेब आणि त्याची मडम विलायतेहून मोटारीनं निघाले होते. इराणचं वाळवंट आणि अफगाणिस्तानचे डोंगर ओलांडून त्यांना कलकत्ता गाठायचं होतं. वाटेत भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहताना पाहायचा होता. साहेब या प्रवासाचं पुस्तक लिहिणार होता. मारोतराव एका ठेकेदाराच्या कचेरीत कारकून होते. तिथं इंग्रजी बोलणारे ते एकटेच, म्हणून वाट दाखवायला मोटारीत बसले होते. पुस्तकात आपला फोटो यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी नवा बुशशर्ट घातला होता.

“वाळवंटात आम्हाला उंटांनी ओढून काढलं, डोंगरात खेचरांनी,” साहेब म्हणाला. “तुमच्याकडे काय आहे?”

मारोतरावांनी बोट दाखवलं. समोरून फकिरा आपली बैलजोडी घेऊन येत होता.

फकिरा साकोलीकडचा. बैलगाडी घेऊन भिलाईला आला होता आणि ठेकेदाराचा मुरूम वाहत होता. रोज सकाळी मारोतरावांनी चिठ्ठी दिली, तरच त्याची गाडी कामाला लागे. आज गाडी नव्हती. बैलांची शिंगं रंगवलेली होती, पाठीवर झुली होत्या, कपाळावर बाशिंगं होती.

“फकिरा, घरून जू आण आणि जोडी लाव इथं,” मारोतराव म्हणाले.

“आज पोळा हाय जी, बाबू.”

“मोटार ओढायची आहे. पोळा काय पळून जातो?”

“काल तूप-हळद लावून खांदे शेकले त्यायचे. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, म्हनलं. आता जेवाले बलावून मानेवर जू ठेवू काय? तुमाले का मालूम नाही?”

मारोतरावांना चांगलं मालूम होतं. तेही साकोलीकडचेच. त्यांचे वडील पोळ्याला बैलांच्या पाया पडत आणि बैल जेवल्याशिवाय ताटावर बसत नसत.

“काय म्हणतो हा?” साहेबानं विचारलं.

बैलांना जेवायचं आमंत्रण द्यायचं असतं, हे इंग्रजीत सांगायचं मारोतरावांच्या जिवावर आलं. मडम हसेल, असं त्यांना वाटलं.

“आळशी आहे, साहेब,” ते म्हणाले. “इकडचे लोक अडाणी.”

“उंटानं एवढा वेळ घेतला नव्हता,” मडम म्हणाली. मारोतराव तिच्याबरोबर हसले. मग फकिराकडे वळून म्हणाले, “जोडी लावली नाहीस तर उद्यापासून चिठ्ठी नाही. गाडी घे आणि साकोलीला चालता हो.”

फकिरानं बैलांकडे पाहिलं. घरी चार खाणारी तोंडं होती. त्यानं बैल बाभळीला बांधले, एकाचं बाशिंग सरळ केलं आणि आपल्या झोपडीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर जू होतं आणि हातात दोर होता. मारोतराव विजयानं साहेबाकडे पाहू लागले.

फकिरानं चाकांखाली दगड आणि फांद्या घातल्या. दोर मोटारीला बांधला. मग बैलांकडे न जाता जुवाखाली स्वतःची मान दिली.

“आज जोडी लागत नाही, बाबू. मी लागतो.” त्यानं जुवाच्या रिकाम्या बाजूकडे मान हलवली. “पन जू एकट्यानं ओढल्या जात नाही. या.”

मडमेनं इंजिन सुरू केलं. साहेब हात लावेल, असं मारोतरावांना वाटलं. साहेबानं कॅमेरा काढला. आता मागं हटणं शक्य नव्हतं. मारोतराव चिखलात उतरले आणि जुवाखाली गेले. दोनदा त्यांचा पाय घसरला. तिसऱ्या खेपेला मोटार निघाली. कॅमेरा आपल्याकडे रोखलेला आहे, हे पाहून मारोतराव हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मान वर न करता वहीतून फकिराची चिठ्ठी फाडून त्याच्या हातात दिली.

दीड वर्षानं विलायतेहून पुस्तक आलं. मारोतरावांनी ते कचेरीत सगळ्यांसमोर उघडलं. एका पानावर वाळवंट होतं. मोटारीला उंट जुंपलेले होते. पुढच्या पानावर बर्फाचे डोंगर होते. तिथं खेचरं होती. त्यापुढचं पान भिलाईचं. जुवाखाली फकिरा, त्याच्या शेजारी चिखलानं माखलेले, हसणारे मारोतराव आणि मागं झुली पांघरून उभे असलेले दोन बैल. खाली छापलं होतं: ‘इथं बैल सजून उभे राहतात आणि माणसं जुंपली जातात. आम्ही कारण विचारलं. आमचा वाटाड्या म्हणाला, आळस.’

चिठ्ठीसाठी दारात उभा असलेला फकिरा जवळ आला. फोटो पाहून तो खूश झाला.

“बैल मस्त दिसून राहिले. काय लिहून हाय, बाबू?”

सगळी कचेरी ऐकत होती. मारोतरावांनी पुस्तक मिटलं.

“त्या दिवशी पोळा होता,” ते म्हणाले, “असं लिहून हाय.”

“अस्सं.” फकिरानं चिठ्ठी घेतली आणि कमरेला खोचली. “अन मी उगाच त्या साहेबाले अडाणी समजत होतो.”